वाचकांचे प्रश्न : पंपातले औषध छातीत पोचते का?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे श्वासाच्या जुनाट आजारांविषयी आणि त्यातही, ज्याला आपण सरसकट ‘पंप’ म्हणतो, त्या औषधोपचाराविषयी होती. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. आपल्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवलेले औषध किंवा त्याची मात्रा या उत्तरांच्या आधारे परस्पर बदलू नये, एवढी विनंती आहे.

माझ्या आईचे वय बासष्ट आहे. तिने आयुष्यात कधी विडीला हात लावलेला नाही, तरी चार वर्षांपासून तिला खोकला आहे आणि चढ चढताना धाप लागते. तालुक्याच्या ठिकाणी फुंकण्याची तपासणी करून डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार, असल्याचे सांगितले आणि टायोट्रोपियम या नलिका रुंदावणाऱ्या औषधाची एक कॅप्सूल रोज यंत्रातून ओढायला दिली. आई ती घेत नाही. ‘पंप एकदा लागला की सुटत नाही, तो शेवटचा उपाय, त्यापेक्षा गोळी द्या,’ असे ती म्हणते आणि शेजारीपाजारीही तेच सांगतात. तिची समजूत कशी घालावी? — एक वाचक, जिल्हा सातारा

आपल्या आईंची भीती चुकीची असली तरी ती उगाच निर्माण झालेली नाही, आणि तिचा बराचसा दोष आम्हा डॉक्टर मंडळींकडे जातो. वर्षानुवर्षे आपल्याकडे धाप लागणाऱ्या रुग्णाला आधी गोळ्या, मग पातळ औषध, मग इंजेक्शन आणि सगळे करून थकल्यावर पंप, अशा क्रमाने उपचार दिले गेले. त्यामुळे गावात ज्यांच्या हातात पंप दिसला ती माणसे बहुधा आजाराच्या अखेरच्या टप्प्यातली होती. लोकांनी जे पाहिले त्यावरून अनुमान काढले. फक्त कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली. वास्तविक श्वासातून घ्यायचे औषध हा या आजाराचा पहिला उपचार आहे.

विडी न ओढता हा आजार कसा झाला, असा प्रश्न आपल्या पत्रात लपलेला आहे. चुलीत लाकडे, गोवऱ्या, चिपाडे, पऱ्हाट्या, तुराट्या जाळून बंद स्वयंपाकघरात तीस-चाळीस वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईच्या फुप्फुसांनी विडी ओढणाऱ्याइतका, कधीकधी त्याहूनही जास्त धूर पचवलेला असतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीचा सविस्तर आढावा घेतला होता आणि त्यात चुलीच्या धुराचे स्थान फार वरचे होते. धुराने श्वासनलिका आतून सुजतात, बेडका वाढतो आणि नलिका हळूहळू कायमच्या अरुंद होतात. श्वास आत जातो, पण बाहेर पडायला अडतो. फुंकण्याच्या तपासणीत नेमके हेच मोजतात : नलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा ही एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी असेल, तर अडथळा कायमचा आहे असे समजतात. ही तपासणी झालेली आहे, ही आपल्या आईंच्या बाबतीत जमेची बाजू आहे; अनेकांना केवळ छातीच्या एक्स-रेवर वर्षानुवर्षे औषध चालू असते.

आता गोळीविषयी. साल्ब्युटामॉल हे नलिका रुंदावणारे जुने औषध गोळीतून दिले, तर एका वेळी ४ मिलिग्रॅम म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम द्यावे लागते. ते पोटातून रक्तात, रक्तातून सर्व शरीरात आणि त्यातला थोडा वाटा छातीत, असा प्रवास करते. म्हणून हात थरथरतात आणि छातीत धडधडते. तेच औषध पंपातून घेतले, तर दोन फवाऱ्यांत मिळून २०० मायक्रोग्रॅम पुरते. म्हणजे विसावा हिस्सा, आणि गुण मात्र काही मिनिटांत. आपल्या आईंना दिलेल्या टायोट्रोपियमच्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये तर औषध केवळ १८ मायक्रोग्रॅम असते. बाकीची पूड म्हणजे औषध वाहून नेणारी दुधातली साखर. या हिशेबाने एक ग्रॅम औषध रोज एक कॅप्सूल घेणाऱ्या माणसाला दीडशे वर्षे पुरेल. ‘पंप म्हणजे फार भारी औषध’ असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हा हिशेब जरूर सांगावा.

त्यांना आणखी एक गोष्ट सांगता येईल. धाप लागली असता औषध धुरावाटे छातीत घेण्याची रीत आपल्या वैद्यकात जुनी आहे आणि त्यासाठी धोतऱ्याचा उपयोग होत असे. मद्रासमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे वैद्यकीय अधिकारी असलेले जेम्स अँडरसन यांच्याकडून ती माहिती १८०२ च्या सुमारास इंग्लंडात पोचली आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे तिकडचे दमेकरी धोतऱ्याच्या विड्या ओढत राहिले. धोतऱ्यातील अ‍ॅट्रोपिन या द्रव्यात फेरफार करून इप्राट्रोपियम तयार झाले आणि टायोट्रोपियम हे त्याच घराण्यातले पुढचे अपत्य. हे वाचून कुणी धोतरा जाळून हुंगू नये. तो विषारी आहे आणि त्याच्या धुरात किती मात्रा जाते याला कसलेही माप नाही. नव्या औषधाने साधले ते एवढेच की, माप बसवले आणि धूर काढून टाकला.

‘सुटत नाही’ या म्हणण्यात मात्र अर्धे सत्य आहे. व्यसन लागते त्या अर्थाने या औषधाची सवय लागत नाही. पण आजार कायमचा असल्यामुळे औषधही बहुधा कायम घ्यावे लागते. विहिरीचे पाणी खोल गेले म्हणून रोज रहाट ओढावा लागतो, तेव्हा ‘विहिरीला रहाटाची सवय लागली’ असे कुणी म्हणत नाही. औषधाकडून अपेक्षाही रास्त ठेवावी : अरुंद झालेल्या नलिका ते पूर्ववत करणार नाही. टायोट्रोपियमची चार वर्षे चाललेली मोठी चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तीत रुग्णांचे जीवनमान सुधारल्याचे दिसले, आजार उफाळून येण्याचे प्रसंगही कमी झाले, पण फुप्फुसांची क्षमता दरवर्षी घटण्याचा वेग काही लक्षणीय बदलला नाही. तो वेग कमी करायचा तर धूर थांबला पाहिजे. घरात गॅस आला आहे, पण चहापुरताच, आणि भाकरी अजून चुलीवरच, असे अनेक घरांत दिसते. आपल्याकडे तसे असेल तर भाकरीही गॅसवर आणावी किंवा निदान ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी उघड्यावर करावे. मशेरी भाजणे आणि रात्रीची डासांची उदबत्ती यांचाही विचार व्हावा. एका उदबत्तीतून निघणारे धुराचे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असे २००३ च्या एका अभ्यासात मोजले गेले आहे.

समजूत घालताना वाद घालू नये, असे मला वाटते. त्यांना फक्त चार आठवडे औषध घेऊन पाहायला सांगावे आणि त्याआधी एखादी रोजची खूण ठरवून ठेवावी : देवळाच्या कितव्या पायरीवर थांबावे लागते, किंवा कुठल्या बांधाशी दम लागतो. चार आठवड्यांनी ती खूण पुढे सरकली की नाही, याचा निर्णय त्या स्वतःच देतील.

मी निवृत्त एसटी चालक असून माझे वय अडुसष्ट आहे. सहा वर्षांपूर्वी विडी सोडली. दोन वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ कॅप्सूलचे यंत्र आणि धाप लागली की दाबायचा पंप, असे दोन्ही वापरतो. पण म्हणावा तसा गुण नाही. डॉक्टरांनी दोनदा औषध बदलले. याहून जोरदार औषध आहे काय? तसेच पंपाची नळकांडी पाण्यात टाकून ती तरंगते की बुडते यावरून मी औषध शिल्लक आहे का ते पाहतो, हे योग्य आहे काय? — एक वाचक, कोल्हापूर

जोरदार औषधाकडे वळण्यापूर्वी, सध्याचे औषध आपल्या छातीत पोचते आहे की घशातच राहते आहे, हे पाहायला हवे. आपले पत्र वाचून मला दुसरी शक्यता अधिक वाटते. कारण आपल्याकडे दोन यंत्रे आहेत आणि त्या दोघांना लागणारा श्वास एकमेकांच्या अगदी उलट आहे. हे सांगितले गेले नसेल, तर माणूस दोन्ही यंत्रे एकाच पद्धतीने वापरतो आणि त्यातले एक हमखास चुकते.

दाबायच्या पंपात औषध वायूच्या दाबाखाली भरलेले असते. फवारा स्वतःच्याच जोराने सुटतो. आपण झटक्याने श्वास घेतला की तो समोरच्या घशावर आपटून तेथेच चिकटतो. म्हणून येथे श्वास सावकाश हवा. पंप चांगला हलवून सरळ उभा धरावा, पूर्ण श्वास बाहेर सोडावा, ओठ घट्ट मिटून तोंडाने हळू श्वास घ्यायला सुरुवात करावी, सुरुवात होताच एकदाच दाबावे आणि चार-पाच सेकंद तसाच सावकाश श्वास ओढत राहावे, जणू फुलाचा वास नाकाऐवजी तोंडाने घेत आहोत. मग दहा सेकंद श्वास रोखावा. दुसरा फवारा घ्यायचा असल्यास अर्ध्या ते एक मिनिटाने पुन्हा पहिल्यापासून सगळे करावे. वेळ वाचवण्यासाठी एकाच श्वासात दोनदा दाबणारे पुष्कळ असतात. त्यांचा दुसरा फवारा बहुतांशी वाया जातो. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर आधी दोन-चार फवारे हवेत सोडावेत.

कॅप्सूलच्या यंत्रात असा कोणताही दाब नसतो. पूड उडवून तिचे बारीक कण करण्याचे काम आपल्याच श्वासाने करायचे असते. कण पाच मायक्रॉनपेक्षा लहान झाला तरच तो खोलवर जातो. मोठा राहिला तर जिभेवर आणि घशात बसतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या कणाच्या बारीकपणाची कल्पना येईल. म्हणून येथे श्वास पहिल्या क्षणापासून जोराचा आणि खोल हवा. आपण कोल्हापूरचे आहात, तेव्हा तांबड्या रश्श्याचा भुरका मारताना सुरुवातीलाच जो जोर लागतो तो आठवावा. फरक इतकाच की, येथे तो जोर श्वास पूर्ण भरेपर्यंत टिकवायचा असतो. आधी श्वास सोडायचा तो तोंड यंत्रापासून दूर नेऊन सोडावा, कारण यंत्रात फुंकर गेली की पूड बाहेर उडते आणि श्वासातल्या ओलाव्याने उरलेली चिकट होते. साध्या फिरवायच्या यंत्रात कॅप्सूलचे पारदर्शक टोक आधी आत घालून यंत्र फिरवले की तिचे दोन भाग वेगळे होतात. ओढून झाल्यावर यंत्र उघडून आत पूड शिल्लक आहे का ते पाहावे आणि असल्यास पुन्हा ओढावे.

हे सगळे अगदी प्राथमिक आहे असे कुणाला वाटेल. पण कॅप्सूल यंत्रात न घालता पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि ते अडाणी नव्हते. कॅप्सूल म्हटली की ती गिळायची, हेच त्यांना आयुष्यभर ठाऊक होते, आणि पाच मिनिटे देऊन यंत्र हातात धरून दाखवावे असे कोणाला सुचले नव्हते. मीही एकेकाळी चिठ्ठी लिहून मोकळा होत असे. आता दर भेटीला रुग्णाला त्याचेच यंत्र बरोबर आणायला सांगतो आणि माझ्यासमोर एकदा घ्यायला लावतो, कारण शिकवलेली पद्धतही काही महिन्यांत पुन्हा बिघडते. आपणही आपल्या डॉक्टरांकडे ही मागणी करावी. औषध बदलण्यापेक्षा ती स्वस्त पडेल.

हात आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल, आणि साठीनंतर तो अनेकांचा बसत नाही, तर दाबायच्या पंपाला स्पेसर लावावा. हे एक पोकळ प्लॅस्टिकचे भांडे असते. फवारा त्यात सुटतो, त्याचा वेग मोडतो, मोठे थेंब भिंतींवर बसतात आणि बारीक कण आपण सावकाश श्वासाने ओढून घेतो. साध्या पंपातून नीट घेतले तरी फुप्फुसात पोचणारे औषध सुमारे दहा ते वीस टक्केच असते आणि बाकीचे बहुतेक घशात जाते. स्पेसरमुळे घशातला वाटा पुष्कळ कमी होतो. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढावा आणि तसाच निथळत ठेवून हवेवर वाळू द्यावा. फडक्याने पुसल्यास प्लॅस्टिकवर स्थिर वीज निर्माण होते आणि पुढच्या वेळचे औषध भिंतीलाच चिकटते.

नळकांडी पाण्यात तरंगवून पाहण्याची पद्धत सोडून द्यावी. ती पूर्वीही फारशी भरवशाची नव्हती. ओझोनच्या थराचे रक्षण करण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रिअल कराराला अनुसरून पंपांतला वायू बदलला गेल्यापासून तर तिला काही अर्थच राहिलेला नाही. शिवाय पाण्याने झडप बिघडू शकते. औषध संपल्यावरही पंपातून वायूचा फवारा निघत राहतो, त्यामुळे आवाजावरूनही काही कळत नाही. आकडा दाखवणारा पंप मिळाला तर उत्तम; नाही तर खोक्यावरचा आकडा पाहून हिशेब करावा. २०० फवाऱ्यांचा पंप रोज चार फवारे घेणाऱ्याला पन्नास दिवस जातो. सुरू केल्याची तारीख पंपावरच लिहून ठेवावी. ठरावीक अंतराने टायर बदलण्याची शिस्त आपण नोकरीत पाळली असेलच. तिच्याहून हे निराळे नाही.

पद्धत सुधारूनही महिनाभरात फरक पडला नाही, तर मग औषधाकडे, आणि त्याहीआधी निदानाकडे, पुन्हा पाहावे लागेल. हृदयाचा आजार, रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता, पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग यांनीही दम लागतो आणि पंपाने तो जात नाही.

मला मधुमेह आहे. एका डॉक्टरांनी सीओपीडीसाठी तीन औषधांचा एकत्रित पंप दिला आणि त्यात स्टेरॉइड असल्याचे सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासून स्टेरॉइड काढून टाकले. माझ्या बहिणीला दमा आहे, तिला मात्र ‘स्टेरॉइड कधीच थांबवू नका’ असे सांगितले आहे. यातले खरे काय मानावे? — एक वाचक, पुणे

तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. बोलताना आपण दमा हा शब्द कोणत्याही धापेला लावतो, पण शास्त्राच्या दृष्टीने दमा आणि सीओपीडी हे वेगळे आजार आहेत आणि त्यांच्यातला फरक सर्वांत जास्त जाणवतो तो स्टेरॉइडच्या प्रश्नावर. दम्यात श्वासनलिकांची सूज हेच मूळ असते आणि श्वासातून घेतलेले स्टेरॉइड त्या मुळावर काम करते. केवळ साल्ब्युटामॉलच्या निळ्या पंपाने नलिका रुंदावत राहिले आणि सुजेकडे दुर्लक्ष केले, तर रुग्णाला बरे वाटत राहते आणि धोका वाढत जातो. म्हणूनच दम्यावरील जागतिक मार्गदर्शक समितीने २०१९ पासून, मोठ्या माणसांना निव्वळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, अशी भूमिका घेतली. आपल्या बहिणीने पंप थांबवू नये.

सीओपीडीमधील सूज बऱ्याच वेळा निराळ्या प्रकारची असते आणि ती स्टेरॉइडला तितकीशी दाद देत नाही. येथे पाया आहे तो दीर्घकाळ टिकणाऱ्या, नलिका रुंदावणाऱ्या औषधांचा. स्टेरॉइड कोणाला उपयोगी पडेल याचा अंदाज रक्तातील इओसिनोफिल या पेशींवरून आणि आजार वर्षातून किती वेळा उफाळतो यावरून घेतात : दर मायक्रोलिटरला ३०० किंवा त्याहून अधिक पेशी असून आजार वारंवार उफाळत असेल तर उपयोगाची शक्यता चांगली, १०० पेक्षा कमी असतील तर ती फारशी नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासले ते बहुधा याचसाठी. उपयोग नसताना ते का देऊ नये, याचेही कारण आहे : सीओपीडीच्या रुग्णांत श्वासातून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे न्यूमोनियाचे प्रमाण वाढते, हे २००७ सालच्या एका मोठ्या चाचणीत ठळकपणे दिसून आले.

मधुमेहाविषयी बोलायचे तर, पंपातल्या नेहमीच्या मात्रेने साखर फारशी ढळत नाही. मोठ्या मात्रेने थोडी वाढू शकते. खरी वाढते ती आजार उफाळल्यावर पाच-सात दिवस घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी. त्या दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत दिल्या जातात, तर पंपातली दिवसाची मात्रा काहीशे मायक्रोग्रॅमची असते. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसल्यामुळे वजनाची ही तुलना काटेकोर नाही, पण फरकाचा अंदाज येण्यास पुरेशी आहे. ज्याला पंपातल्या स्टेरॉइडची खरोखर गरज आहे त्याने भीतीपोटी ते टाळले, तर पुढे गोळ्यांची वेळ येते. स्टेरॉइडचा पंप घेतल्यानंतर दर वेळी खळखळून चूळ भरून ती थुंकावी. मधुमेहात तोंडात बुरशी लवकर धरते. जिभेवर पांढरे चट्टे दिसले किंवा आवाज बसला, तर डॉक्टरांना सांगावे.

वडिलांसाठी घरी मशीनने वाफ द्यावी असे सर्व नातेवाईक सुचवतात. पंपापेक्षा ती अधिक परिणामकारक असते काय? ऑक्सिजनचे यंत्रही घेऊन ठेवावे काय? — एक वाचक, नागपूर

प्रथम शब्दाविषयी. आपण म्हणता त्या मशीनमधून, म्हणजे नेब्युलायझरमधून, निघते ती वाफ नसते. ते औषधाचे थंड तुषार असतात. निलगिरीचे थेंब टाकून घेतलेला वाफारा आणि हे मशीन यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि मशीनमध्ये साधे पाणी किंवा निलगिरी कधीही घालू नये. परिणामकारकतेबाबत सांगायचे तर, ज्यांना स्पेसर लावून पंप नीट घेता येतो त्यांना मशीनने अधिक फायदा होत नाही. मशीनचा दिमाख मोठा असतो : आवाज होतो, मुखवट्यातून धुके दिसते, दहा मिनिटे काहीतरी चालले आहे असे सर्वांना समाधान मिळते. पंपाचे काम एका श्वासात संपते, म्हणून ते क्षुल्लक वाटते. मात्र जे अतिशय अशक्त आहेत, ज्यांना सूचना समजत नाहीत किंवा ज्यांच्या हातात जोर नाही, त्यांच्यासाठी मशीन खरोखर उपयोगी आहे. घेतले तर औषधाची वाटी आणि मुखवटा दर वापरानंतर धुऊन वाळवावा, नाहीतर जंतूच छातीत पाठवले जातात. वडिलांना काचबिंदू असल्यास इप्राट्रोपियमचे तुषार डोळ्यांत जाणार नाहीत असा घट्ट बसणारा मुखवटा किंवा तोंडात धरायची नळी वापरावी.

ऑक्सिजन हे धापेवरचे औषध नाही, तर रक्तात ऑक्सिजन कमी पडत असल्यास त्यावरचे औषध आहे. आजार स्थिर असताना, विश्रांतीच्या वेळी, बोटावरच्या यंत्रात ८८ टक्के किंवा त्याहून कमी आकडा पुन्हा पुन्हा येत असेल आणि रक्ततपासणीने त्याला दुजोरा मिळत असेल, तर दिवसाकाठी किमान पंधरा तास ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढते. हे १९८०–८१ मधल्या चाचण्यांनी दाखवले आहे. आकडा चांगला असताना, केवळ दम लागतो म्हणून पंधरा मिनिटे नळी लावल्याने काही साधत नाही. या आजारात तो बेसुमार देणेही घातक ठरू शकते, कारण काही रुग्णांत त्याने कार्बन डायऑक्साइड साचतो; म्हणून आजार उफाळलेला असताना ९८ चा आग्रह न धरता ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. वडिलांचा आकडा आधी तपासावा, खरेदीचे नंतर पाहावे.

आषाढी एकादशीला आणि हरतालिकेला माझी सासू कडक उपवास करते व त्या दिवशी पंप घेत नाही. काय करावे? — एक वाचक, पंढरपूर

पंपातून पोटात अन्न जात नाही आणि औषधाने उपवास मोडतो असे आपली परंपराही मानत नाही. निर्जळी असल्यास चुळीचे पाणी थुंकून टाकायचे असते, हे त्यांना समजावून सांगावे. रोजा ठेवणाऱ्या वाचकांनी दिवसातून एक-दोनदाच लागणारी औषधे सहरी व इफ्तारच्या वेळी घ्यावीत, असे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. मात्र धाप लागलेली असताना तत्काळ गुण देणारा पंप कोणत्याही कारणाने टाळू नये.

कॅप्सूल सुरू केल्यापासून लघवीला अडखळते आणि तोंड कोरडे पडते. वय बाहत्तर. संबंध असू शकतो काय? — एक वाचक, नाशिक

असू शकतो. टायोट्रोपियमच्या वर्गातील औषधांनी तोंड कोरडे पडणे नेहमीचे आहे आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत लघवी अडकूही शकते. परस्पर औषध बंद न करता दोन-चार दिवसांत डॉक्टरांना भेटावे; दुसऱ्या वर्गातील औषध देता येते. लघवी पूर्ण अडली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आमच्या भागात कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध देतात. अनेकांना गुण आल्याचे सांगतात. पंप महाग पडतो. या वर्षी ते औषध घेऊन पंप बंद करावा असा विचार आहे. — एक वाचक, अकोला

कोजागरीचे दूध किंवा खीर घेण्यास माझी हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती पंप बंद करण्याला. त्या औषधात काय आहे हे मला ठाऊक नाही, आणि देणाऱ्यांनी ते लिहून दिलेले नसेल तर आपल्यालाही ठाऊक नाही. एवढे मात्र अनुभवाने सांगतो की, नाव नसलेल्या पुडीने जुनाट धाप दोन दिवसांत विलक्षण उतरली, तर आनंदाआधी शंका यावी. अशा पुड्यांत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून मिसळलेल्या सापडल्याची उदाहरणे आहेत. तेच स्टेरॉइड, ज्याच्या काहीशे मायक्रोग्रॅमला घाबरून लोक पंप नाकारतात, ते येथे मिलिग्रॅमच्या मापाने, महिनोन्‌महिने आणि नकळत पोटात जाते.

खर्चाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि डॉक्टरांपुढे तो मांडण्यात संकोच नसावा. दाबायच्या पंपापेक्षा कॅप्सूल बहुधा स्वस्त पडतात, जनऔषधी केंद्रांत आणि सरकारी रुग्णालयांत चौकशी करता येते, आणि साल्ब्युटामॉल व ब्युडेसोनाइड (श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड) ही औषधे केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ‘अमुक इतकाच खर्च झेपेल, त्यात बसेल असे द्या,’ असे स्पष्ट सांगितले तर बहुतेक वेळा मार्ग निघतो. एक दिवसाआड औषध घेऊन पैसे वाचवणारे पुष्कळ असतात. एकदा आजार उफाळून रुग्णालयात राहावे लागले की वर्षाची बचत एका आठवड्यात जाते.

पावसाळ्यात कॅप्सूल मऊ पडतात आणि यंत्रात पूड चिकटून राहते. डब्यात तांदूळ घालून ठेवाव्यात काय? — एक वाचक, जिल्हा रत्नागिरी

कोकणातल्या दमट हवेत ही अडचण येणारच, आणि मऊ झालेल्या कॅप्सूलमधून औषध पूर्ण सुटत नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. आठवड्याभराच्या कॅप्सूल एकदम पाकिटातून काढून डबीत भरून ठेवण्याची सवय असेल तर ती आधी बंद करावी. प्रत्येक कॅप्सूल घ्यायच्या क्षणीच आणि कोरड्या हातांनी बाहेर काढावी. ज्या कॅप्सूल बाटलीत येतात, त्यांच्या झाकणातली ओलावा शोषणारी पुडी फेकू नये आणि झाकण लगेच लावावे. तांदळाने नुकसान होणार नाही, पण त्यावर विसंबू नये. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण बाहेर काढल्यावर कॅप्सूलवर दव धरते. यंत्र धुतल्यास पूर्ण एक दिवस वाळू द्यावे. जून ते सप्टेंबरमध्ये तेवढ्यानेही ते वाळत नसेल, तर दोन यंत्रे घेऊन आलटून-पालटून वापरावीत.